दोन विमानतळांमधलं अंतर मोजताय? या चुका टाळा

मुंबई आणि न्यूयॉर्कचा जेएफके, या दोन विमानतळांमध्ये सर्वांत कमी अंतर साधारण 12,530 किमी आहे. तुमचा आकडा याच्या आसपास येत नसेल, तर पुढे वाचा.

14,200 किमी आलं? मग तुम्ही सपाट नकाशावर पट्टी ठेवली आहे. मर्केटरच्या, म्हणजे भिंतीवर दिसणाऱ्या नेहमीच्या चौकोनी नकाशात ती सरळ रेघ सौदी अरेबिया आणि उत्तर आफ्रिकेवरून जाते. पृथ्वी गोल असल्याने खरी जवळची वाट ग्रेट सर्कलची, म्हणजे पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळावरची. ती पार 65 अंश उत्तरेपर्यंत चढते आणि आइसलँडच्या पूर्वेकडून खाली वळते. घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा ताणून बघाच, नकाशापेक्षा लवकर पटेल.

अक्षांश-रेखांश सूत्रात टाकून 2,400 किमीच आलं? न्यूयॉर्कचे रेखांश पश्चिमेचे आहेत, म्हणून 73.78 च्या आधी उणे चिन्ह हवं. ते राहिलं की न्यूयॉर्क थेट किर्गिझस्तानात जाऊन बसतं! मुंबईचे रेखांश 72.87 पूर्व आहेत, म्हणून ही चूक या जोडीत फार फसवी ठरते.

आकडा अगदीच अर्थहीन असेल तर एक्सेल तपासा. तिथे साइन-कोसाइन अंशांत नाही, रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक, 180 अंश म्हणजे पाय रेडियन) चालतात. अंश-कलांचा घोळही नेहमीचा; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. 40 अंश 38 कला म्हणजे 40.38 नव्हे, 40.63. तेवढ्यावरून जागा 28 किमी सरकते.

सागरी मैल 1.852 किमीचा, साधा मैल 1.609 किमीचा. वैमानिक सागरी मैल वापरतात. अदलाबदल झाली तर या मार्गावर सोळाशे किमीहून अधिक तफावत पडते.

‘गोवा’ लिहून मोकळं होऊ नका. दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. विमानतळाचा तीन अक्षरी कोड लिहा: दाबोळीचा जीओआय, मोपाचा जीओएक्स.

दोन कॅल्क्युलेटरमध्ये थोडा फरक दिसला तर मात्र घाबरू नका. एक पृथ्वीला पूर्ण गोल धरतो, दुसरा ध्रुवांशी चपटी. फरक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा.

सर्वांत मोठी गल्लत म्हणजे मोजलेलं अंतर आणि विमान प्रत्यक्ष उडालं ते अंतर एकच समजणं. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साधारण 12,400 किमी. 2016 मध्ये एअर इंडियाने हा मार्ग पॅसिफिकवरून नेला तेव्हा विमान सुमारे 15,300 किमी उडालं. लांबचा रस्ता मुद्दाम निवडला, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे जोरदार वारे पाठीशी मिळतात आणि वेळ वाचतो. कधी कारण राजकीय असतं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा पडला. इंधनाचा किंवा कार्बनचा हिशेब करायचा असेल, तर सूत्राचा आकडा पुरणार नाही. विमानांचा प्रत्यक्ष मार्ग दाखवणाऱ्या फ्लाइट ट्रॅकिंग साइटवर त्याच मार्गाची चार-पाच उड्डाणं काढा आणि त्यांची सरासरी घ्या. जातानाची वेगळी, येतानाची वेगळी.