विभागाला देणगी देताना आणि कक्षाला नाव देताना

विद्यापीठातील एखाद्या विभागाला देणगी द्यायचे मनात आले की बहुधा पहिला विचार नावाचा येतो: आईच्या स्मरणार्थ वाचनकक्ष, शिक्षकांच्या नावाने प्रयोगशाळा. ही इच्छा रास्तच आहे. परंतु आधी विभागप्रमुखांना भेटून विभागाची खरी नड काय आहे, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. पुष्कळदा नव्या कक्षापेक्षा बंद पडलेले उपकरण दुरुस्त करणे किंवा पैशाअभावी क्षेत्रभेटीला जाऊ न शकणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च उचलणे अधिक निकडीचे असते.

कक्षच द्यायचा ठरल्यास त्याच्या देखभालीची तरतूद त्याच देणगीत करावी. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित राहणारी बाब हीच आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात इंग्लंडच्या राजघराण्यातील ड्यूक हम्फ्री यांनी दिलेल्या ग्रंथांसाठी पंधराव्या शतकात एक देखणे दालन बांधले गेले. पुढच्या शतकात ग्रंथ पांगले आणि १५५६ मध्ये विद्यापीठाने तेथील लाकडी सामानही विकायला काढले. त्यानंतर टॉमस बॉडली या इंग्रज मुत्सद्द्यांनी स्वखर्चाने ते दालन पुन्हा उभे केले आणि १६०२ मध्ये ग्रंथालय खुले झाले. शिवाय ते चालू राहावे म्हणून त्यांनी आपल्या मालमत्तेचे उत्पन्नही त्याला जोडून दिले. त्या ग्रंथालयाला आजही बॉडलींचेच नाव आहे.

अशा तरतुदीसाठी कायम निधी उभारतात. त्यात मूळ रक्कम गुंतवलेली राहते आणि दरवर्षी तिचा लहानसा भाग, अनेक ठिकाणी सुमारे ४ ते ५ टक्के, खर्चासाठी मिळतो. म्हणजे वर्षाला जेवढा खर्च अपेक्षित असेल, त्याच्या वीस ते पंचवीस पट रक्कम ठेवावी लागते. एवढी ऐपत नसेल तर संकोच करू नये. एका अभ्यासिकेतील चार टेबले आणि दिवे, किंवा काही जणांनी मिळून दिलेली एखादी शिष्यवृत्ती, हेही विभागाला मोलाचे असते.

विभागप्रमुखांच्या तोंडी होकारावर थांबू नये, कारण नाव देण्याचा अधिकार बहुधा विद्यापीठाच्या वरिष्ठ मंडळाकडे असतो. करारपत्रात नाव किती वर्षे राहील, इमारत पाडली किंवा विभाग हलवला तर त्याचे काय होईल, देणगी हप्त्यांनी द्यायची असून ते अपुरे राहिल्यास काय करायचे आणि मूळ हेतू कालबाह्य झाल्यास निधी कोणत्या जवळच्या कामासाठी वापरता येईल, हे स्पष्ट लिहून घ्यावे. नेमणुका, प्रवेश आणि अभ्यासक्रम यांत देणगीदाराने शब्द टाकू नये. तशी अट विभागाने मान्य केली तरी ती घालू नये. करसवलतीचे नियम ठिकाणानुसार बदलतात, ते पावती घेण्यापूर्वीच विचारावेत.

शेवटी नामफलक. मजकूर दोन-तीन ओळींचाच असावा आणि कोरण्यापूर्वी त्याची छापील प्रत घरातील दोघांनी वेगवेगळी वाचून, आडनावातील ऱ्हस्वदीर्घ तपासून, सही करून परत द्यावी.