सेन्सर बदलण्यापूर्वी: इंजिनच्या सेन्सरची तपासणी कशी करावी

गाडी आयडलिंगला थरथरते, पिकअप घेताना अडखळते किंवा गरम झाल्यावर मध्येच बंद पडते, आणि स्कॅनर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे यंत्र) लावला की एखाद्या सेन्सरचा कोड समोर येतो. बहुतेक वेळा चूक होते ती इथेच. कोडमध्ये ज्याचे नाव आले तो सेन्सर नवा बसवला जातो आणि तक्रार मात्र जागच्या जागी राहते. त्या सर्किटमधून आलेले मूल्य ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या नियंत्रक संगणकाला, मर्यादेबाहेरचे किंवा विसंगत वाटले, एवढाच कोडचा अर्थ असतो. पी0171 हा कोड मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचे सांगतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर खराब झाला, असे तो म्हणत नाही. उलट, तो सेन्सर नीट काम करत असल्यामुळेच ही उणीव उघड झालेली असण्याची शक्यता अधिक असते.

तपासणीसाठी थेट आकडे दाखवणारा स्कॅनर आणि 10 मेगाओहम इनपुट रोध असलेला डिजिटल मल्टीमीटर पुरेसा आहे. प्रथम बॅटरी पाहावी: इंजिन बंद असताना सुमारे 12.6 व्होल्ट आणि चालू असताना साधारण 13.5 ते 14.5 व्होल्ट मिळाले पाहिजेत, कारण व्होल्टेज डळमळीत असेल तर पुढचे सगळेच आकडे फसवे ठरतात. कोड पुसण्याआधी ते आणि त्यांच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेमची माहिती लिहून घ्यावी. बिघाड झाला त्या क्षणी इंजिनचे तापमान, आरपीएम आणि लोड (इंजिनवरचा भार) किती होता हे तिथेच कळते, आणि कोड पुसला की तीही पुसली जाते.

त्यानंतर कनेक्टर काढून डोळ्यांनी पाहावा. पिनेवर हिरवट थर, आत शिरलेले तेल, मागे सरकलेली पिन किंवा इन्सुलेशनच्या आत तुटलेली तार यांतले काही सापडले, तर तपासणी बरीचशी तिथेच संपते. तीन वायरींच्या बहुतेक सेन्सरमध्ये एक 5 व्होल्टचा रेफरन्स (ईसीयूकडून येणारा स्थिर पुरवठा), एक ग्राउंड आणि एक सिग्नल असतो. की ऑन करून रेफरन्स मोजावा. तो नसेल किंवा फार कमी असेल, तर त्याच रेफरन्सवर चालणारे इतर सेन्सर एकेक करून काढून पाहावेत. शॉर्ट झालेला एकच सेन्सर सगळ्यांचा रेफरन्स खाली ओढतो. सेन्सरची ग्राउंड पिन आणि बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल यांच्यामधला फरक सर्किट चालू असताना 0.1 व्होल्टपेक्षा जास्त नसावा. मोजताना वायरीचे इन्सुलेशन टोचू नये, कारण त्या छिद्रातून ओल शिरते आणि काही महिन्यांनी नवाच बिघाड उभा राहतो. कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब आत सरकवावा.

कूलंट तापमानाच्या सेन्सरची उत्तम चाचणी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या गाडीवर होते. त्या वेळी स्कॅनरवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. त्यांत मोठी तफावत असेल तर दोघांपैकी एक चुकीचे सांगत आहे. या सेन्सरचा रोध तापमान वाढले की घटतो: सामान्यतः 20 अंश सेल्सिअसला 2 ते 3 किलोओहम आणि 80 अंशांना सुमारे 300 ओहम. कनेक्टर काढल्यावर स्कॅनरवर उणे 40 अंशांच्या आसपासचा आकडा यावा आणि कनेक्टरच्या दोन पिना तारेने जोडल्यावर तो एकदम खूप वर जावा. तसे झाले तर वायरिंग आणि ईसीयू ठीक आहेत, संशय सेन्सरवर उरतो. तसे न झाल्यास नवा सेन्सर आणूनही उपयोग नाही.

थ्रॉटल पोझिशन सेन्सर हवेची झडप किती उघडली ते सांगतो; त्यासाठी की ऑन ठेवून पेडल अतिशय सावकाश दाबावे. एका सिग्नलच्या साध्या सेन्सरमध्ये व्होल्टेज साधारण 0.5 पासून 4.5 व्होल्टपर्यंत अखंड चढत गेले पाहिजे. सेन्सरच्या आतल्या झिजलेल्या रोधपट्टीवर ते मध्येच क्षणभर खाली पडते आणि नेमक्या त्याच ठिकाणी गाडी झटका देते; मल्टीमीटरचा आकडा मात्र संथ बदलत असल्याने तो खड्डा सुटू शकतो, म्हणून शक्य असेल तर ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारे यंत्र) किंवा स्कॅनरवरचा आलेख वापरावा.

मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) की ऑन आणि इंजिन बंद असताना बाहेरचा वायुदाब दाखवतो, समुद्रसपाटीला सुमारे 100 किलोपास्कल. टर्बो नसलेल्या निरोगी पेट्रोल इंजिनावर आयडलिंगला तो साधारण 30 ते 40 वर येतो. तो वर राहिला तर सेन्सरला दोष देण्याआधी त्याचा पाइप, हवेची गळती आणि व्हॉल्व्ह टायमिंग पाहावे.

फ्युएल ट्रिमकडे, म्हणजे ईसीयू इंधनात करत असलेल्या टक्केवारीतल्या दुरुस्तीकडे, मी सर्वात जास्त लक्ष देतो, कारण पेट्रोल किती वाढवावे वा घटवावे लागत आहे ते ईसीयू इथे उघडपणे सांगतो. ट्रिम साधारण ±10 टक्क्यांत असावी. आयडलिंगला ती अधिक (+) बाजूला बरीच असेल आणि 2,500 आरपीएमला उतरत असेल, तर हवेची गळती शोधावी. उलट आयडलिंगला ठीक पण लोडवर वाढत असेल, तर इंधनाचा दाब किंवा मळलेला मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) यांचा संशय घ्यावा. पुढचा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा, झिरकोनिया प्रकाराचा ऑक्सिजन सेन्सर गरम झाल्यावर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सतत वर-खाली होतो. व्हॅक्यूमचा एखादा पाइप क्षणभर काढला की तो खाली जायला हवा. गेला तर त्याला निर्दोष समजावे. वाइडबँड या दुसऱ्या प्रकारच्या ऑक्सिजन सेन्सरला मात्र हे आकडे लागू नाहीत.

गरम झाल्यावर बंद पडणाऱ्या आणि थंड झाल्यावर चालू होणाऱ्या गाडीत क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचे फिरणे टिपणारा) पाहावा. बिघाड हजर असतानाच सेल्फ मारून स्कॅनरवर आरपीएम दिसतो का ते पाहावे; शून्यच राहिला तर कनेक्टर, वायर आणि सेन्सर त्याच क्रमाने तपासावेत. हॉल प्रकाराच्या (चुंबकीय क्षेत्र ओळखणारी इलेक्ट्रॉनिक चिप असलेल्या) सेन्सरचा रोध मोजू नये, त्याचा सिग्नल पाहावा.

दुरुस्तीनंतर कोड पुसून, तक्रार ज्या परिस्थितीत येत होती त्याच परिस्थितीत गाडी चालवावी आणि ट्रिमचे आकडे पुन्हा नोंदवून आधीच्या नोंदीशेजारी ठेवून पाहावेत.