शोधनिबंधात संदर्भ कसे द्यावेत: पुस्तक हातात आहे तोवरच कामाला लागा

शोधनिबंधातलं संदर्भांचं काम बहुतेक विद्यार्थी शेवटच्या रात्रीवर ढकलतात. तोवर पुस्तक ग्रंथालयात परत गेलेलं असतं, झेरॉक्सवर पुस्तकाचं नाव नसतं आणि मोबाइलमधल्या फोटोत नेमका पानाचा आकडा कापलेला असतो. मग अंदाजाने 'पृ. ४५' लिहिलं जातं. संदर्भाची कसोटी एकच आहे: तुम्हाला न ओळखणारा नेरूळचा किंवा नागपूरचा एखादा वाचक तुमच्या तळटिपेवरून नेमक्या त्याच पानावर पोचला पाहिजे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कसोटीतून येतात.

पहिली पायरी: नोंद आतल्या पानावरून घ्या

मुखपृष्ठावर विसंबू नका. आतलं शीर्षकपान आणि त्याच्या पाठचं पान, या दोन्हींचे फोटो काढा. लेखक, उपशीर्षकासह पूर्ण नाव, संपादक किंवा अनुवादक, प्रकाशक, गाव, आवृत्ती आणि वर्ष, सगळं तिथे मिळतं. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण वेगळं ओळखा. पुनर्मुद्रणात पानं बहुधा तीच राहतात, नव्या आवृत्तीत ती सरकतात.

जुन्या पुस्तकावर शक छापलेला असेल तर त्यात ७८ मिळवा. पण शकवर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे ते दोन इसवी सनांत पसरतं. शके १८१५ म्हणजे १८९३-९४. महिना कळत नसेल तर 'शके १८१५ (१८९३-९४)' असंच लिहा, मूळ आकडा गाळू नका.

१८९३ हेच ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचं स्थापनावर्ष, आणि त्याच्या संस्थापकांपैकी वि. ल. भावे यांच्या 'महाराष्ट्र सारस्वत' या ग्रंथात संदर्भ देणाऱ्याची चांगलीच परीक्षा होते. नंतरच्या आवृत्तीत शं. गो. तुळपुळे यांनी लिहिलेली पुरवणी आहे. त्या पुरवणीतलं मत उचलून 'भावे म्हणतात' असं लिहिलं की भाव्यांच्या तोंडी त्यांनी न लिहिलेलं वाक्य जातं. एका बांधणीत दोन लेखक असतील तर पान कोणाचं आहे ते आधी पाहा. प्रस्तावना, परिशिष्टं आणि संपादित ग्रंथांतले लेख यांनाही हेच लागू. विश्वकोशातल्या नोंदीखालीही नोंदलेखकाचं नाव असतं. 'विश्वकोश, खंड अमुक' एवढं लिहून त्या माणसाला पुसून टाकू नका.

दुसरी पायरी: पद्धत एकच धरा

इतिहासात तळटिपांची शिकागो पद्धत, भाषा-साहित्यात एमएलए, समाजशास्त्र-मानसशास्त्राच्या बाजूला एपीए, असा साधारण रिवाज आहे. एमएलएमध्ये कंसात नाव आणि पान येतं (भावे ४५). एपीएमध्ये वर्षही लागतं. नियतकालिकाने स्वतःचे नियम दिले असतील तर वाद न घालता ते पाळा. या सगळ्या पद्धती रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडलेल्या आहेत, तेव्हा देवनागरीत थोडी तडजोड करावीच लागते. ग्रंथनाव तिरक्या टायपात टाकण्यापेक्षा एकेरी अवतरणचिन्हांत द्यावं, असं माझं मत. तिरकी देवनागरी वाचवत नाही.

तिसरी पायरी: काय उचललं ते दाखवा

शब्द जसेच्या तसे घेतले की अवतरणचिन्ह आणि पान, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घोळ होतो तो अनुवादात. इंग्रजी लेखातला युक्तिवाद मराठीत आणला की तो आपलाच वाटू लागतो. साम्य शोधणारं सॉफ्टवेअरही अशा वेळी बहुधा गप्प बसतं. तरी ती उचलेगिरीच. कल्पना, वर्गीकरण, कालखंडांची विभागणी, दुसऱ्याने शोधून काढलेला पुरावा, यांतलं काहीही घेतलं तरी नाव द्यायचं. अनुवाद तुमचा असेल तर 'अनुवाद प्रस्तुत लेखकाचा' असं पुढे लिहा.

अवतरण लांबलं तर ते समासापासून आत सरकवून स्वतंत्र परिच्छेदात द्या, मग अवतरणचिन्हं नकोत. एमएलएत गद्य चार ओळींहून आणि कविता तीन ओळींहून जास्त असेल तर असं करतात. शिकागोत साधारण शंभर शब्दांची मर्यादा आहे. मधला मजकूर गाळला तर तीन टिंबं, आणि तुम्ही घातलेला शब्द चौकोनी कंसात.

जुनं मराठी लेखन 'सुधारू' नका. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ चे आहेत. त्याआधीच्या पुस्तकात 'आतां', 'तेथें' असे उच्चार न होणारे अनुस्वार बहुधा दिसतील. ते तसेच ठेवा, आणि मुद्रणदोष वाटला तर पुढे [मुळाप्रमाणे] असं लिहा.

चौथी पायरी: जे पाहिलं त्याचाच संदर्भ द्या

ठाण्यावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण जुन्या बॉम्बे गॅझेटिअरचा, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, हवाला देतो. त्यातल्या किती जणांनी ते उघडलेलं असतं, हा प्रश्न न विचारलेला बरा. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली १८८२ साली ठाणे जिल्ह्यावर तेरावा खंड दोन भागांत निघाला आणि स्थळांची माहिती चौदाव्या खंडात आली. अंबरनाथच्या देवळावर लिहिणाऱ्याने 'ठाणे गॅझेटिअर, १८८२' एवढंच लिहिलं तर वाचकाने तीन बाडं चाळायची. म्हणून खंड, भाग, पान तिन्ही हवं. शिवाय जिल्हा गॅझेटिअर राज्य सरकारनेही पुढे काढलेलं आहे, त्यामुळे वर्ष टाळता येत नाही. स्क्रीनवर वाचलं असेल तर तसं सांगा. पीडीएफचा पानक्रमांक आणि छापील पानाचा आकडा क्वचितच जुळतात, त्यातला छापील तो द्या.

गॅझेटिअरमधलं वाक्य तुम्ही दुसऱ्याच लेखात वाचलं असेल तर प्रामाणिक नोंद अशी होते: 'गॅझेटिअर, खंड १४, उद्धृत, अमुक लेखक, पृ. अमुक'. मूळ सहज मिळत असताना मात्र अशा 'उद्धृत'चा आधार घेणं हा आळस आहे.

संतसाहित्यात पानापेक्षा ओवी-अभंगाचा क्रमांक उपयोगी, पण क्रमांकही प्रतीगणिक बदलतात. वि. का. राजवाडे यांनी छापलेली ज्ञानेश्वरी आणि इतर प्रती यांत ओव्या सारख्या नाहीत, तुकोबांच्या गाथेच्या प्रतींतही अभंगांचा क्रम वेगळा असतो. कोणती प्रत वापरली ते पहिल्याच टिपेत सांगा, मग पुढे फक्त 'ज्ञाने. ९.१२' (अध्याय नववा, ओवी बारावी) असं चालेल.

पाचवी पायरी: पुस्तकाबाहेरची साधनं

वर्तमानपत्राच्या बातमीला तारीख आणि पानाबरोबर आवृत्तीही लिहा. मुंबई आवृत्ती आणि ठाण्याची पुरवणी यांचे पानक्रमांक वेगळे असतात. वेबपानाला पत्ता आणि पाहिल्याची तारीख द्या. विकिपीडियावर थांबू नका, तिथल्या तळटिपेतल्या साधनापर्यंत जा. एआयने सुचवलेली पुस्तकं स्वतः शोधून हातात येईपर्यंत यादीत घालू नका, त्यातली काही अस्तित्वातच नसतात.

नवी मुंबईवर काम करणाऱ्यांना संस्थालेखक भेटतो. सिडकोची, म्हणजे ज्या सरकारी कंपनीने संपादित जमिनींवर नवी मुंबई वसवली तिची, स्थापना १९७० ची. तिच्या अहवालावर व्यक्तीचं नाव नसेल तर लेखकाच्या जागी संस्थेचंच नाव येईल. त्याच भूसंपादनाची दुसरी बाजू, उदाहरणार्थ जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या जासईच्या १९८४ च्या आंदोलनाच्या आठवणी, तुम्ही गावात जाऊन ऐकल्यात तर ती मुलाखतही रीतसर साधन आहे. सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, मुलाखत कोणी घेतली आणि ध्वनिमुद्रण कुठे ठेवलं, एवढं नोंदवा. नाव छापू का, हे मुलाखत सुरू होण्याआधीच विचारा. आजोबा 'नको रे बाबा' म्हणाले तर 'माजी मिठागर कामगार, वय सत्तरच्या पुढे' असं वर्णन पुरेल. गाव लहान असेल तर गावाचं नावही झाका, नाहीतर कोण ते लगेच कळतं.

सहावी पायरी: तत्रैव, टोपणनावं आणि यादी

'तत्रैव' (लगेच वरच्या टिपेतलाच ग्रंथ) आणि 'उनि' (आधी उल्लेखलेला ग्रंथ) हे शब्द मसुदा पक्का होईपर्यंत वापरू नका. मध्ये एक नवी टीप घुसली की 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. आडनाव, ग्रंथाचं छोटं नाव आणि पान हा संक्षेप जास्त सुरक्षित. शिकागोही हल्ली तोच सुचवतं.

टोपणनाव असेल तर शीर्षकपानावर जे छापलंय ते घ्या. 'विशाखा' कुसुमाग्रजांच्या नावाखाली येईल, 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांच्या. दोन्ही नोंदींत एकमेकांकडे निर्देश करा. झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल तर टोपणनावासाठी नाव आणि आडनाव हे दोन रकाने एकत्र करण्याची सोय त्यात आहे. नाहीतर ते टोपणनावाचेही तुकडे करायला बघतं.

साम्य शोधणारं सॉफ्टवेअर जी टक्केवारी दाखवतं तिच्याबद्दल थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ४० आणि ६० टक्के हे पुढचे टप्पे आहेत, आणि ६० च्या वर प्रबंध गेला तर नोंदणीच रद्द होते. रीतसर संदर्भ दिलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. 'दहा टक्के चालतं' याचा अर्थ एक परिच्छेद ढापायला परवानगी, असा मात्र कोणी लावू नये.

शेवटी मजकुरातलं प्रत्येक नाव यादीत आहे का आणि यादीतलं प्रत्येक पुस्तक मजकुरात वापरलंय का, हे छापील प्रतीवर पेन्सिलने टिकमार्क करून पाहा. मराठी आणि इंग्रजी याद्या वेगळ्या ठेवा. मराठी यादी आडनावाच्या वर्णक्रमाने लावताना क्ष आणि ज्ञ कुठे घालायचे ते आधी ठरवा: क आणि ज खाली, किंवा ळ नंतर सगळ्यात शेवटी. दोन्ही रीती चालतात. क्षीरसागर क मध्ये आणि ज्ञानेश्वर शेवटी, असं मात्र नको.