"समजलं का?" विचारणं सोडा

"समजलं का?" या प्रश्नाला "नाही" असं उत्तर भोसरीच्या एमआयडीसीत मी अजून ऐकलेलं नाही. माणूस "हो मॅडम" म्हणतो आणि मशीनकडे वळतो. चार जणांसमोर कोण कबूल करेल की सगळं डोक्यावरून गेलं? मी सीएनसी शॉपवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या विभागात, सुपरवायझर आहे. हा प्रश्न मी विचारतच नाही.

त्याऐवजी विचारा, "आता पहिलं काय करणार?" आमच्याकडचा हा नमुना बघा. फ्लँज आणि बुश हे आम्ही बनवतो ते सुटे भाग.

"काका, आधी फ्लँजचा लॉट, मग बुश. फ्लँजचं नवं ड्रॉइंग आलंय, रिव्हिजन बी. पहिलं काय कराल?"

"सेटिंग झालंय मॅडम, लगेच चालू करतो."

"सेटिंग कुठल्या ड्रॉइंगवर झालंय?"

काकांनी मशीनवरचा कागद उलटून बघितला. "ए वर."

नुसतं "समजलं का?" विचारलं असतं तर अख्खा लॉट जुन्या मापात निघाला असता.

मात्र विचारण्याचा सूर सांभाळा. वीस वर्षं मशीन चालवलेल्या माणसाची शाळेतल्यासारखी उजळणी घेतली तर तो दुखावतो, आणि बरोबरच आहे ते. मी म्हणते, "काका, मी घाईत सांगितलं, काही राहिलं का बघा. एकदा मला ऐकवा." चूक असलीच तर माझ्या सांगण्यात आहे, असं आधीच मान्य केलं की समोरचा मोकळेपणाने बोलतो.

विमानवाले तर ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवतातच. 27 मार्च 1977 ला टेनेरीफच्या धावपट्टीवर दोन बोइंग 747 एकमेकांवर आदळली आणि 583 माणसं गेली. धुकं होतं. एका विमानाने परवानगी नसताना धाव घेतली. कंट्रोलरच्या तोंडून "ओके" गेलं होतं, आणि त्याचं पुढचं "थांबा" दुसऱ्या विमानाच्या संदेशात मिसळून खरखरीत बुडालं. त्यानंतर रेडिओवर काय आणि कसं बोलायचं याचे नियम कडक झाले.

आमच्याकडे ती खरखर म्हणजे कॉम्प्रेसर. त्या आवाजात एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी सगळे सारखेच ऐकू येतात, आणि बिहार-ओडिशाच्या पोरांना तर शांततेतही कळत नाहीत. आकडे सुटे करून सांगा: पाच-नऊ. सोबत एककही सांगा. "दोन कमी कर" म्हणजे दोन काय? दोन शतांश मिलिमीटर असतील तर "वीस मायक्रॉन कमी कर" म्हणा.

व्हॉट्सॲपवर "अर्जंट आहे, बघून घ्या" लिहिणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. कोणी बघायचं, काय बघायचं? असं लिहा: "बुधवार, 14 तारीख. 120 फ्लँज दुपारी 2 च्या टेंपोने चाकणला जाणार. इन्स्पेक्शन रिपोर्टसह 1 पर्यंत डिस्पॅचला द्या. जमणार नसेल तर 11 च्या आत मला फोन." वार आणि तारीख दोन्ही लिहा. आमची सुट्टी गुरुवारी, चाकणच्या कस्टमरची रविवारी. "सुट्टीनंतर पाठवतो" एवढ्यावर दोघंही निर्धास्त बसतात. निळ्या टिका म्हणजे मेसेज उघडला, एवढंच. अंगठा आला तर मी उलट विचारते, "किती वाजता देताय?" वेळ लिहून आली की मग मी दुसऱ्या कामाला लागते.

पाळी बदलताना पंचिंगच्या रांगेत काही सांगू नका, तिथे सगळ्यांचं लक्ष बसकडे असतं. मशीनपाशी जा. बदललेल्या मापाभोवती नव्या ड्रॉइंगवर लाल मार्करने गोल करा, त्या मापावर बोट ठेवून बोला आणि फर्स्ट पीस तुमच्यासमोर मोजायला लावा. जुनं ड्रॉइंग मात्र स्वतःच्या हाताने काढून ऑफिसात जमा करा. मशीनवर राहिलं तर रात्रपाळी त्याच्यावरच काम करते.