ऑप्टिमायझेशन लावताच कंपायलर कोसळला? रिपोर्ट असा करा

उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या युनिटमध्ये कंट्रोलरचा सी कोड लिहिणारा असो, नाहीतर खानापूरहून बेळगावला कॉलेजला येणारा विद्यार्थी; ‘इंटर्नल कंपायलर एरर’ दिसली की आधी संशय येतो तो स्वतःच्या कोडवर. पण कोड चुकलेला असला तरी कंपायलरने चूक दाखवून थांबावं, स्वतः कोसळू नये. कोसळला तर दोष कंपायलरचाच, असं जीसीसी या मोफत सी कंपायलरचं मॅन्युअलही मानतं.

फक्त मशीनची शंका आधी फेडून घ्या. ‘किल्ड’ असा मेसेज असेल तर बहुतेक वेळा रॅम संपलेली असते. क्रॅश कधी होतो, कधी होत नाही, असं असेल तर रॅम तपासणारा मेमटेस्ट चालवा.

आता ओ०, ओ१, ओ२, ओ३ या ऑप्टिमायझेशनच्या (कोड वेगवान करण्याच्या) पातळ्या एकेक करून लावा. ओ१ ला निभावतं आणि ओ२ ला पडतं असं दिसलं, तर ओ२ तशीच ठेवून ‘एफ-नो’वाल्या फ्लॅगांनी एकेक ऑप्टिमायझेशन बंद करत जा. सुरुवात व्हेक्टरायझेशनपासून (एका सूचनेत अनेक आकड्यांवर काम करण्यापासून) करा: जीसीसी १२ पासून ते ओ२ मध्येच चालू असतं. क्लँग या दुसऱ्या कंपायलरमध्ये ‘ऑप्ट-बायसेक्ट-लिमिट’ने नेमका पास, म्हणजे ऑप्टिमायझेशनचा टप्पा, सापडतो.

खरी मेहनत पुढे आहे. जीसीसीला ‘सेव्ह-टेम्प्स’ दिलं की प्रीप्रोसेस केलेली, म्हणजे सगळे हेडर आत ओतलेली, फाइल मिळते. क्लँग तर कोसळताना ती फाइल आणि चालवायची स्क्रिप्ट स्वतःच टेंप फोल्डरमध्ये टाकून जातो. हेडरांमुळे ही फाइल हजारो ओळींची होते. ती सी-रिड्यूस किंवा सी-व्हाइज या कोड आपोआप छाटणाऱ्या टूलला द्या आणि कुंद्याचं दूध आटवावं तशी आटू द्या. सोबतच्या तपासणी स्क्रिप्टमध्ये ‘क्रॅश झाला का’ एवढंच विचारू नका, एररची नेमकी ओळ शोधायला लावा. नाहीतर आटता आटता भलताच बग हाती येतो. उरलेल्या दहा-वीस ओळींत गिऱ्हाइकाचं लॉजिक सहसा ओळखू येत नाही. रिपोर्ट जगाला दिसतो, त्यामुळे जॉबवर्क करणाऱ्यांनी ही पायरी टाळूच नये. तरीही पाठवण्यापूर्वी फाइल डोळ्यांखालून घाला.

शक्य असल्यास ताज्या व्हर्जनवर एकदा चालवून बघा. बग कदाचित आधीच दुरुस्त झालेला असेल. बॅकट्रेसमधल्या (कोसळताना छापलेल्या फंक्शनांच्या यादीतल्या) नावांनी जुने रिपोर्टही शोधा. रिपोर्ट टाकायची जागा: जीसीसीसाठी त्यांची बगझिला साइट, क्लँगसाठी त्याच्या मूळ प्रकल्पाचं, एलएलव्हीएमचं गिटहब. कंपायलर चिप कंपनीने दिलेला असेल तर आधी त्यांना कळवा.

रिपोर्टमध्ये व्हर्जन आणि टार्गेट (कोड कोणत्या चिपसाठी आहे ते), पूर्ण कमांड, संपूर्ण एरर आणि आटवलेली फाइल द्या. स्क्रीनशॉट नको, मजकूर शोधता येतो, फोटो नाही. मराठी माध्यमातून आलोय म्हणून इंग्रजीला बिचकू नका: कोणत्या फ्लॅगने पडतं आणि कोणत्या पातळीला पडत नाही, ही दोन साधी वाक्यं पुरतात.

दुरुस्ती येईपर्यंत मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) तेवढ्या एका फाइलला ओ१ लावा आणि शेजारी कॉमेंटमध्ये बगचा नंबर लिहा, म्हणजे नवं व्हर्जन आल्यावर ती ओळ कधी काढायची ते कळेल.