खोकल्याची वही: धुळीच्या गावात घरच्या घरी हिशोब कसा ठेवायचा

आमचं गाव वणी-घुग्गुस पट्ट्यात, कोळशाच्या रोडला लागूनच. बाबांना सलग दोन हिवाळे खोकला होता, दवाखान्यात विचारलं कधीपासून तर आम्ही म्हणायचो थंडी पडली तेव्हापासून, की मिळाली लाल औषधाची बाटली. तिसऱ्या वर्षी मी शंभर पानी वही घातली. ती कशी ठेवायची तेच सांगतो.

पण त्याआधी एक काम. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, फुकट होते. टीबी निघायचा आणि आपण धुळीला शिव्या देत बसायचो असं नको.

१) वहीत रकाने पाडा. तारीख, रात्री खोकल्यानं किती वेळा उठले, हापशीपासून घरी येताना दम लागला का, आणि शेवटचा रकाना मोठा ठेवा: आज धूर-धूळ कशाची होती. ट्रक जास्त होते, कोणी धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळली झाडं पेटवली, सोयाबीनचं थ्रेशर चाललं, कचरा जाळला, जे असेल ते. आमच्या वहीनं इथंच आम्हाला तोंडघशी पाडलं. आम्ही सगळा दोष खाणीला देत होतो आणि मायचाही खोकला लिहीत होतो, तर तिच्या वाईट रात्री निघाल्या त्या ट्रकच्या दिवसांच्या नाही, तर बंद सपरीत (घराच्या पडवीत) पऱ्हाटी लावून आंघोळीचं पाणी तापवलं त्या दिवसांच्या. गॅस घरात होता, पण तो चहापुरता, तुमच्याकडंही तसंच असेल म्हणा.

२) ताट ठेवा. स्टीलच्या ताटाला खोबरेल तेलाचा हात फिरवायचा, चुलीपासून लांब स्लॅबवर २४ तास ठेवायचं, मग पांढऱ्या कापसानं पुसायचं. आमचा बोळा काजळ पुसल्यासारखा काळा निघाला. काळं म्हणजे बहुतेक कोळसा नाहीतर काजळी, राखाडी असेल तर राखेचा संशय, मातकट म्हणजे रोडची धूळ. हा अंदाजच, पुरावा नाही. आणि खरा त्रास देते ती धूळ ताटावर दिसतच नाही, पीएम २.५ म्हणतात ती, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढी. ती फुफ्फुसात खोल जाते, तिथून रक्तातही, म्हणून दम्यासोबत हार्ट अटॅक अन् लकव्याचा धोकाही वाढतो आणि गरोदर बाईचं बाळ कमी वजनाचं होऊ शकतं.

३) फुंकायचं मीटर घ्या. पीक फ्लो मीटर, फुंक किती जोरात निघते ते मोजते, मेडिकलमध्ये काही शे रुपयांत मिळतं, दम्याचा पेशंट असेल तर घ्याच. उभं राहून पूर्ण श्वास भरायचा, एकदम जोरात फुंकायचं, तीनदा, त्यातला मोठा आकडा लिहायचा. सकाळी आणि संध्याकाळी. तब्येत चांगली असतानाचा सगळ्यात मोठा आकडा पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्याच्या ८० टक्क्यांच्या खाली आलं की डॉक्टरला दाखवा, निम्म्याच्या खाली गेलं तर वाट पाहू नका, १०८ लावा.

४) फोनवर 'समीर' ॲप टाका, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं आहे, हवा किती खराब ते एका आकड्यात (एक्यूआय) दाखवते. आकडा २०० च्या वर म्हणजे खराब. आता तो चंद्रपूरच्या मशीनचा, तुमच्या चौकातला नाही, पण दिवस कसा आहे ते कळतं. चंद्रपूरचं तर काय सांगायचं, २००९ मध्ये याच मंडळानं औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले त्यात १०० पैकी ८३.८८ पडले, ७० च्या वर गेलं की अतिप्रदूषित. शाळेत एवढे मार्क कधी पडले नाही आपल्याला.

५) आठ-पंधरा दिवसांत वहीतून काहीतरी दिसायला लागते, तसं बदला. आम्ही चूल सपरीतून अंगणात काढली. थंडीत पहाटे धूर जमिनीलगत साचून राहतो, म्हणून बाबांचा पाच वाजताचा फेरफटका ऊन पडल्यावर नेला (पंधरा दिवस भांडण झालं यावरून). अंगण झाडायच्या आधी पाणी शिंपडा. दुपट्टा तोंडाला बांधला तर जाडी धूळ अडते, बारीक नाही, तिच्यासाठी एन-९५ लागतो आणि तो नाकाशी घट्ट बसला पाहिजे.

६) वही डॉक्टरकडं घेऊन जा आणि फुफ्फुसाची फुंकून करतात ती तपासणी, स्पायरोमेट्री, होते का विचारा. बाबांची झाली, मग औषधाची बाटली सुटली आणि तोंडानं ओढायचा पंप (इनहेलर) आला.

७) रोडच्या धुळीसाठी पाच-सहा घरांच्या वह्या मिळून ग्रामसभेत ठेवा, एकट्याच्या वहीला कोणी विचारत नाही. ठराव आणि ताडपत्री नसलेल्या ट्रकचे तारीखवार फोटो जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं तक्रार द्या, चंद्रपूर, नागपूर, अमरावतीला त्यांची ऑफिसं आहेत. सोबत १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात आपल्या भागातल्या हवेच्या मोजणीचे आकडे मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते. अर्जाची झेरॉक्स वहीतच चिकटवा आणि पोचेचा शिक्का बसल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, मी एकदा हललो होतो, तो अर्ज अजून सापडला नाही.