तुलूझला शिकायला येताय? आधी १२२९ सालची भानगड ऐका

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझला उतरल्यावर ‘युनिव्हर्सिटी कुठे आहे?’ असं विचारू नका. समोरचा उलट विचारेल, ‘कुठली?’ १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर जुन्या विद्यापीठाची तीन शकलं झाली. कायदा-अर्थशास्त्रवाले कापितोलला, भाषा-समाजशास्त्रवाले मिरायला, विज्ञान-वैद्यकवाले पॉल साबातिएला. या तिसऱ्याने तर २०२५ पासून नुसतं ‘तुलूझ विद्यापीठ’ असं नाव घेतलंय, म्हणजे गोंधळात भरच. मिरायला मेट्रोची ए लाइन जाते, साबातिएला बी. विमानांचं इंजिनिअरिंग करायला येणाऱ्या आपल्या पोरांची संस्था या तिघांपैकी कुठलीच नाही, ती वेगळीच. तेव्हा प्रवेशपत्रावरचं पूर्ण नाव आणि पत्ता वाचूनच घर शोधा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो: नोंदणीआधी सेवेसेची (CVEC, विद्यार्थी-सोयींसाठीची सक्तीची वर्गणी) फी भरून पावती जपून ठेवा, आणि फ्रान्सला पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत लाँग स्टे व्हिसा ऑनलाइन व्हॅलिडेट करा. बाकीचं ऑफिसवाले सांगतात. पण ज्या गावात राहायचं त्याचा इतिहास कोणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

तुलूझचं ते जुनं विद्यापीठ कुणी हौसेने काढलेलं नाही. लादलेलं आहे. या भागात कॅथर नावाचा पंथ फोफावला होता. चर्चच्या लेखी ते पाखंडी. १२०९ पासून वीस वर्षं त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध चाललं. शेवटी तुलूझचा काउंट सातवा रेमंड फ्रान्सच्या राजाला शरण गेला आणि १२२९ मध्ये पॅरिसला तह झाला. तहात एक कलम असं की, चौदा शिक्षकांचा दहा वर्षांचा पगार काउंटने द्यायचा, चार हजार मार्क (तेव्हाचं वजनी माप) चांदी. चौघे धर्मशास्त्राचे, दोघे चर्चच्या कायद्याचे, सहा जण कलाशाखेचे आणि दोघे व्याकरणाचे. हरलेल्या माणसाच्याच पैशाने त्याच्या प्रजेला ‘खरा’ धर्म शिकवायची ही तजवीज. युद्धखर्च वसूल करणारे पुष्कळ ऐकलेत, पण मास्तरांचा पगार वसूल करणारे हेच.

मास्तरही आयते मिळाले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांची दंगल होऊन काही जण मारले गेले, तिथल्या विद्यापीठाने संप केला आणि शिक्षक-विद्यार्थी पांगले. क्रेमोनाचा रोलांड इथे धर्मशास्त्र शिकवायला आला. गार्लंडचा जॉन हा इंग्रज व्याकरणकार आला, आणि विद्यापीठाच्या नावाने जगभरच्या विद्यार्थ्यांना पाठवलेलं जाहिरातपत्र त्यानेच नोंदवून ठेवलंय. त्यात काय नाही? दूध-मधाची भूमी, द्राक्षमळे, पापक्षालन आणि वर पॅरिसला बंदी असलेले अ‍ॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ इथे खुशाल ऐका, हे आमिष! आपल्याकडच्या परदेशी शिक्षणाच्या एजंटांची पत्रकं चाळली असतील, तर सूर ओळखीचा वाटेल. पुढे काउंटने पगार थकवले आणि जॉन दोन-तीन वर्षांतच इथून निसटला. १२४५ मध्ये अ‍ॅरिस्टॉटलवरची बंदीही इथे येऊन पोचली.

तरी विद्यापीठ टिकलं. १२३३ मध्ये पोपने त्याला पॅरिससारखे अधिकार दिले आणि पुढे नाव झालं ते कायद्याच्या शिक्षणासाठी. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ मध्ये, बंद पडलं ते १८९६ ला पुन्हा उभं राहिलं. 

पहिल्या रविवारी कापितोल चौकातून रू द्यु तोर या गल्लीने सां-सेर्नां चर्चकडे चालत जा. विद्यार्थ्यांची जुनी वसतिगृहं, म्हणजे ‘कोलेज’, याच बाजूला होती. चर्चशेजारची विटांची गढीसारखी इमारत हे सां-रेमोंचं कोलेज, आता तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे. मग जाकोबॅं चर्चमध्ये शिरा. रोलांड ज्या डोमिनिकन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाचा, त्या पंथाचं हे मठ-मंदिर, आणि पंथाचा जन्मही याच गावातला. वेदीकडच्या टोकाला एकच उंच खांब आहे. माथ्यावरून त्याच्या बावीस फासळ्या छतभर पसरतात, म्हणून त्याला ‘ताडाचं झाड’ म्हणतात. याच पंथातला मध्ययुगीन तत्त्वज्ञ-संत थॉमस अक्विनस, त्याच्या अस्थी १३६९ पासून इथल्या. क्रांतीच्या काळात त्या सां-सेर्नांला हलवल्या, १९७४ मध्ये परत आल्या. मान वर करून खांब बघताना दोन मिनिटांत दुखायला लागते, म्हणून आत मोठा आरसा ठेवलाय. त्यात बघा.